किळसेचं ध्यान

विहाराच्या दारात तीस-पस्तीस चपलांचे जोड पडले होते आणि त्यांचा वास जिन्यापर्यंत येत होता. वर हॉलमध्ये उदबत्त्या, शिजलेला भात आणि दाटीने बसलेल्या माणसांचा घाम, सगळं एकत्र झालेलं. मी रुमाल काढून नाकाला लावला. बरुआंनी माझ्याकडे पाहिलं. मी रुमाल खिशात घातला.

ज्योतिर्मय बरुआ माझ्याच ऑफिसातले. गार्डन रीचला रेल्वेच्या मुख्य कार्यालयात आम्ही दोघंही कर्मचाऱ्यांच्या रजा आणि बदल्या बघायचो, टेबलं शेजारी-शेजारी. ते चितगावकडचे, पिढ्यान्‌पिढ्या बौद्ध. मी नागपूरचा, अठ्ठावन्न साली बदली होऊन आलो तो इथेच राहिलो. बहात्तरच्या डिसेंबरात त्यांच्या विहारात दहा दिवसांचं ध्यानाचं शिबिर होतं. त्यात मला बसवायचं हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं, कारण दुपारच्या सुट्टीत मी डबा उघडत नाही हे ते पाच महिने बघत होते.

पाच महिन्यांपूर्वी माझी बायको सरोज वारली. गर्भाशयाचा कॅन्सर. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तिला घरी आणलं, आणि त्यानंतर ती सात महिने जगली. त्या दुखण्याला वास असतो. ज्यांनी तो घेतलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगून कळणार नाही. ती गेली, वास माझ्याकडे राहिला. भाताला यायचा, वरणाला यायचा, उन्हात वाळवलेल्या टॉवेलला यायचा. वृंदा, माझी वीस वर्षांची मुलगी, समोर ताट ठेवायची. मी चार घास चिवडून उठायचो. आई गेल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती.

पण जेवणाचं एवढं काही नव्हतं. माणूस कमी जेवून जगतो. माझी अडचण वेगळी होती. सरोजचा चेहरा आठवायला गेलं की शेवटचाच यायचा. गाल आत गेलेले, ओठांवर पांढरी साय धरलेली, आणि लगेच मागून तो वास. आमचा संसार चोवीस वर्षांचा. त्यातली तेवीस वर्षं मला दिसतच नव्हती. फोटो समोर धरला तर तो दुसऱ्याच कुणा बाईचा वाटायचा. मला आधीची सरोज परत हवी होती. शिबिरात गेलो तो एवढ्यासाठी. मोक्षबिक्ष माझ्या डोक्यात नव्हता.

नागपूरला बहिणीला कळवलं, तर तिचं उलट टपाली पत्र आलं की आपल्यात काही उरलं नाही का, म्हणून त्या लोकांत जाऊन बसतोस. पत्र वाचून मला किळस आली. त्या दिवसांत मला कशाचीही यायची.

त्या विहारातली पद्धत अशी होती की सगळ्यांना एकच ध्यान देत नसत. ज्याला जे दुखणं त्याला तसं ध्यान. पहिल्या दिवशी मुख्य भिक्खू प्रत्येकाला आपल्या खोलीत बोलवायचे आणि विचारायचे, काय त्रास आहे. त्यांना सगळे नुसतं भंते म्हणत. वय साठीच्या पुढचं, अंगाने बारीक, एका डोळ्यात मोतीबिंदू. त्यांना हिंदी धड येत नसे. मला बंगाली समजायचं, पण बोलताना अडखळायचो, म्हणून बरुआ मध्ये बसले.

खरं काय ते सांगायचं असं मी ठरवून गेलो होतो. पण बरुआ शेजारी मांडी घालून बसलेले. शिबिर संपलं की याच माणसाशेजारी टेबलाशी बसायचं होतं. बायकोच्या मृत्यूने खचलेला सज्जन माणूस अशी त्यांनी माझी ओळख सगळीकडे करून दिली होती. भंतेंनी विचारलं आणि मी म्हणालो, बायकोची आठवण जात नाही. तिचं शरीर डोळ्यांपुढून हलत नाही.

यात शब्द एकही खोटा नव्हता. पण जो अर्थ निघायचा तोच निघाला. भंतेंनी मान हलवली. बायकोच्या देहावरची आसक्ती, त्यांना रोजचीच असणार. त्यांनी मला बत्तीस भागांचं ध्यान दिलं.

हे ध्यान म्हणजे माणसाच्या शरीराची यादी. केसा, लोमा, नखा, दन्ता, तचो. म्हणजे डोक्यावरचे केस, अंगावरचे केस, नखं, दात, कातडी. हे पाच सुलट म्हणायचे, मग उलट. पुढे मांस, स्नायू, हाडं, आतडी, पोटातलं अन्न, विष्ठा, पित्त, कफ, पू, रक्त, घाम, असं करत मूत्रापर्यंत बत्तीस. प्रत्येकाचा रंग, आकार आणि वास मनापुढे आणायचा, आणि हे ओंगळ आहे असं नीट बघायचं. देहाचा वीट आला की आसक्ती सुटते. जुना आणि खात्रीचा उपाय आहे, असं बरुआंनी मला बंगाली वळणाच्या हिंदीत समजावलं.

मी तेव्हाच उठायला हवं होतं. ज्याला खाल्लेलं अंगावर येतंय त्यालाच वर बासुंदी पाजत होते. पण मी गप्प बसलो. मला वाटलं, एवढी माणसं करतात, काहीतरी असेल.

पहाटे चारला घंटा. दोन तास बैठक, मग पेज, मग पुन्हा बैठक. जेवण अकराच्या आत एकदाच, दुपारनंतर फक्त लिंबाचं पाणी. दहा दिवस कुणी कुणाशी बोलायचं नाही. पस्तीस पुरुष एका हॉलमध्ये सतरंजीवर. माझ्या पुढचा गृहस्थ दर दहा मिनिटांनी ढेकर द्यायचा आणि त्या ढेकरेला आदल्या दिवशीच्या मुळ्याचा वास असायचा. मागचा घशातला कफ वर आणून गिळायचा. मी डोळे मिटून ‘सेम्हं’, म्हणजे कफ, म्हणायचो तेव्हा मला कल्पना करावी लागत नसे.

माझ्या डाव्या हाताला श्रीकांत नावाचा बँकेतला अधिकारी होता, पस्तिशीचा, पुण्याहून बदली होऊन आलेला. त्याला न बोलणं जमत नव्हतं. न्हाणीघराच्या रांगेत तो माझ्या मागे उभा राहायचा आणि मराठीत कुजबुजायचा. मराठी इथे कुणाला कळत नाही म्हणजे ते बोलण्यात धरलं जात नाही, असं त्याचं म्हणणं.

“काका, कुठवर आलात?”

मी बादली पुढे सरकवली.

“पित्त झालं का? मला तर मैत्री दिलीय. सगळ्यांवर प्रेम करायचं. बायकोपासून सुरुवात करू का विचारलं, तर म्हणाले, तिथे घोटाळा होतो, त्रयस्थापासून करा. आता रोज सकाळी आमच्या हेड कॅशियरचं कल्याण चिंततोय. त्यापेक्षा तुमचं पित्त बरं.”

दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. माझं लक्ष त्याच्या दातांत अडकलेल्या शेपूच्या काडीकडे होतं.

तीन दिवसांत मी यादी पाठ केली. तीस वर्षं याद्याच करत आलोय, मला ते कठीण नव्हतं. चौथ्या दिवसापासून जेवण पूर्ण बंद झालं. भाताचं शीत बघितलं की दात आठवायचे. डाळ बघितली की पुढचं. पाचव्या दिवशी पानावरून उठून मी मागच्या मोरीत ओकलो. पोटात काही नव्हतं, नुसतं पिवळं पाणी.

दुपारी भंतेंकडे पाच मिनिटांची भेट असायची. मी सांगितलं, अन्न बघवत नाही, माणसं बघवत नाहीत, स्वतःच्या हाताकडे बघवत नाही. भंतेंचा चेहरा उजळला. उत्तम प्रगती आहे, ते म्हणाले. लोकांना याला महिने लागतात. पुढे चला.

मी पुढे चाललो. सहाव्या दिवशी सकाळच्या बैठकीत ते झालं.

‘केसा’ म्हणालो आणि एकदम सरोज दिसली. शेवटची नाही. आम्ही कलकत्त्याला आलो त्या पहिल्या हिवाळ्यातली. क्वार्टरच्या गच्चीवर न्हाऊन केस वाळवत बसलेली, मांडीवर डोकं ठेवून सहा वर्षांची वृंदा, पाठीमागे नदीवरून भोंगा वाजवत जाणारी बोट. केस ओले, कमरेच्या खाली आलेले, आणि ती डोकं एका बाजूला झुकवून पंचाने ते झटकत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, काय बघताय, चहा टाका. पाच महिने मी जे शोधत होतो ते समोर बसलं होतं. शिकेकाईचा वाससुद्धा आला.

आणि पाच दिवसांच्या सवयीने माझं मन म्हणालं, रंग काळा. आकार ताडाच्या झावळीसारखा. वास, तेलकट, कुजट. अन्नात सापडला तर ताट टाकून द्यावं असा. एकेक केस गळून उशीवर चिकटलेला दिसला. आजारपणात ठेवलेल्या आयाने कंगव्यातून काढून गोळा केलेली गुंतवळ दिसली. मी थांबवायला गेलो तर थांबेना. नखा. दन्ता. तचो. डोळ्यांदेखत ती कातडी सैल पडून पिवळी झाली, गाल आत गेले, ओठांवर साय आली. गच्ची गेली, बोट गेली. मांडीवरची वृंदाही गेली.

मी मोठ्याने ओरडलो म्हणे. मला आठवत नाही. बरुआ दोन रांगा ओलांडून आले आणि मला उठवून भंतेंच्या खोलीत घेऊन गेले.

आता मात्र सांगणं भाग होतं. जे थोडंफार उरलं होतं तेही मी माझ्या हाताने नासवत होतो. बरुआंना बाहेर जायला सांगा असं म्हणणार होतो. मग वाटलं, राहू दे. ऐकू दे.

मोडक्यातोडक्या बंगालीतच मी सांगितलं. बायकोची मला आसक्ती नाही. ती जिवंत असताना मला तिची किळस यायची. दिवसा आया होती, ती तिचं सगळं करायची. आया नसेल तेव्हा वृंदा. मी खोलीच्या दारात उभा राहून, नाकाला कोलन वॉटरचा रुमाल लावून, कसं वाटतंय असं विचारायचो. सात महिन्यांत मी तिला एकदाही पुसलं नाही, एकदाही कूस बदलून दिली नाही. शेवटी-शेवटी ऑफिसात काम आहे म्हणून उशिरा यायचो, काम नसायचं. एकदा मी पाण्याचा पेला दारातल्या स्टुलावर ठेवून निघालो, तिथून तिचा हात पोचत नव्हता. तिने ते बघितलं आणि म्हणाली, तुम्ही गॅलरीत झोपत जा, तिथे वारा येतो. मी त्या दिवसापासून गॅलरीत झोपलो. माझ्यावर उपकार झाल्यासारखा झोपलो.

“मला जमत नव्हतं,” मी म्हणालो. “माझा स्वभावच तसा आहे. पोटात ढवळून यायचं.”

बरुआ जमिनीकडे बघत होते. भंते जे बोलले त्यात राग होता, आणि मला तो आवडला.

“सहा दिवस,” ते म्हणाले. “तुमचं डोकं दुखत होतं आणि तुम्ही मला पाय दाखवलात. मी पायाला मलम लावत बसलो. म्हातारा माणूस, मीही फसलो. यादी बंद करा. आजपासून एक शब्द म्हणायचा नाही.”

मी विचारलं, मग काय करू.

ते उठले. “चला माझ्याबरोबर. वर दोन माणसं लागतात.”

विहाराच्या वरच्या मजल्यावर एक म्हातारे भिक्खू अर्धांगवायूने पडून होते, पंच्याऐंशीचे. स्त्रियांनी भिक्खूला हात लावायचा नाही असा नियम, म्हणून श्यामसुंदर नावाचा विहारातला एक गडी त्यांचं करायचा. तो दोन दिवस तापाने आजारी होता. दोन दिवस हे सगळं भंते एकटेच कसंबसं करत होते. जिन्याच्या वरच्या पायरीवरच मला वास आला. तोच. दुखणं वेगळं होतं, वास तोच.

मी दारात थांबलो. माझी जागा ती, सवयीची. भंतेंनी मागे वळून बघितलंही नाही. त्यांनी चिवराचं टोक कमरेला खोचलं, म्हाताऱ्यांना कुशीवर वळवलं आणि म्हणाले, “इथे खांद्याला धरा, नाहीतर घसरतील.”

तेव्हा आत गेलो. दुसरा इलाजच नव्हता, ते खरोखरच घसरत होते. मी खांदा धरला. खांदा म्हणजे नुसतं हाड, त्यावर ढिली कातडी. भंतेंनी खालचं कापड ओढून काढलं. पाठीला, मांड्यांना सगळीकडे लागलं होतं, काही वाळलेलं, काही ओलं. कमरेच्या हाडावर रुपयाएवढी जखम होती. मी तोंड फिरवलं, पण वासाला तोंड फिरवून काही होत नाही. भंते बादलीत फडकं बुडवून पुसत होते, पिळत होते, पुन्हा पुसत होते, भांडी घासावीत तसे.

“तुम्हाला किळस येत नाही?” मी विचारलं.

“येते.”

“मग?”

त्यांनी बादलीत बघितलं. “पाणी खराब झालंय. दुसरं आणा.”

मी बादली घेऊन खाली गेलो, मोरीत ओतली, तिथेच एकदा कोरडं ओकलो, नळाखाली बादली भरली आणि वर आणली. दुसऱ्या वेळी फडकं त्यांनी माझ्या हातात दिलं आणि स्वतः खांदा धरला. मी पुसलं. कोमट चिकट काहीतरी बोटांच्या फटीत गेलं. जांघेतल्या सुरकुत्या बोटाने उघडून पुसाव्या लागतात, हे मला माहीत नव्हतं. म्हातारे भिक्खू एका डोळ्याने माझ्याकडे बघत होते. त्यांना बोलता येत नव्हतं. मी मान खाली घातली आणि पुसत राहिलो. मग जखमेवर पावडर, मग कोरडं कापड, मग खाली दुमडलेली चादर. संपलं.

भिंतीवर घड्याळ होतं. आम्हाला पाऊण तास लागला होता.

उरलेले चार दिवस सकाळी आणि संध्याकाळी हे काम मी केलं. दुसऱ्या दिवसापासून एकट्याने खांदा धरून पुसता यायला लागलं, त्याची एक रीत असते. किळस गेली असं मी म्हणणार नाही. रोज यायची, पहिल्या दिवशीएवढीच. आठव्या दिवशी ऐन वेळी त्यांना जुलाब झाले आणि माझ्या मनगटावर आले, तेव्हा मी त्यांना चक्क शिवी दिली, मराठीत. पण हात चालत राहिले. पोटात ढवळत होतं आणि हात चालत होते. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

श्रीकांतने न्हाणीघरापाशी मला गाठलं. मी कोपरापर्यंत साबण लावत होतो.

“बढती झाली म्हणे काका. आम्ही अजून कॅशियरपाशीच अडकलोय.”

मी त्याला म्हणालो, बाबा रे, थोडं बाजूला हो, वास येईल. तो खरंच दोन पावलं मागे सरला. मला त्याचा राग आला नाही. मी स्वतःला बघितलं त्याच्यात, त्याहून वाईट काही नव्हतं.

कारण आता मला सबब उरली नव्हती. सात महिने आणि त्यावर पाच महिने मी स्वतःला एकच गोष्ट सांगत आलो होतो की मला जमलं नसतं. काही माणसांना रक्त बघवत नाही, काहींना उंची सोसत नाही, तसं माझं. या एका वाक्यावर मी उभा होतो. ते वाक्य खोटं होतं. एका परक्या, मुक्या म्हाताऱ्याचं मी चार दिवस सगळं केलं. त्याचं-माझं नातं नाही, धर्म नाही, भाषा नाही. सरोज मला चोवीस वर्षं जेवायला वाढत होती. एका वेळेला पाऊण तासाचं काम होतं, आणि मी गॅलरीत झोपलो होतो. माणसाला स्वतःची जी किळस येते तिच्यापुढे बाकीच्या काही नाहीत. ती साबणाने जात नाही. आणि कुठल्या यादीत ती नव्हती.

अकराव्या दिवशी निघताना मी भंतेंना विचारलं, बायकोचा चेहरा परत येईल का. ते म्हणाले, माहीत नाही. श्यामसुंदरचा ताप उतरला होता, तो म्हाताऱ्यांची बादली घेऊन जिना चढत होता. बरुआंनी मला बसस्टॉपपर्यंत सोडलं. सगळा रस्ता ते ऑफिसातल्या एका बदलीबद्दल बोलत राहिले. चांगला माणूस, पण आता तो माझ्याकडे सरळ बघत नव्हता.

घरी पोचलो तेव्हा दुपारचे बारा झाले होते. वृंदाने पोळ्या केल्या होत्या. तिने ताट ठेवलं आणि विचारलं, “काही फायदा झाला का, बाबा?”

तिला थोडक्यात सांगून भागलं असतं. पण मी सगळं सांगितलं, यादीपासून. भंतेंना काय बोललो तेही, रुमाल आणि स्टूल आणि गॅलरी, सगळं. तिला ते माहीतच होतं, ती तिथेच होती. पण माझ्या तोंडून तिने ते ऐकलं नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती, हाताला कणीक. मग वरच्या म्हाताऱ्यांचं सांगितलं. बादली, फडकं, जखम.

माझं संपल्यावर तिने विचारलं, “किती वेळ लागायचा?”

“पाऊण तास,” मी म्हणालो.

तिने मनात काहीतरी मोजलं.

“मला दीड तास लागायचा,” ती म्हणाली. “एकटीला उचलता यायचं नाही ना. आईच मग हाताने कॉटची कड धरून स्वतःला ओढायची. तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडात पदर धरायची.”

एवढं बोलून ती आत गेली आणि हात धुवायला लागली. नळ बराच वेळ चालू होता. मी ताटासमोर बसून राहिलो.